दोरूच्या खोऱ्यात तीन रात्री



पोर्तुगालला जाणारी आपली मंडळी लिस्बन पाहतात, पोर्तो पाहतात आणि दोरू नदीच्या द्राक्षखोऱ्याला एकच दिवस देतात. सकाळी पोर्तोहून बस, दुपारी दोन वायनऱ्या, तासभर होडी आणि रात्री पुन्हा पोर्तो. माझा आग्रह असा की तीन नाही तर निदान दोन रात्री खोऱ्यातच मुक्काम करा. सहलीच्या बसगाड्या पोचतात त्या भर दुपारी. तेव्हा ऊन डोक्यावर असतं आणि सगळे उतार सपाट दिसतात. सूर्य कलला की एकेका बांधाची सावली पडते आणि डोंगरावरच्या पायऱ्या वरपर्यंत मोजता येतात. त्या वेळी बसवाले परतीच्या रस्त्याला लागलेले असतात.

या पायऱ्यांमागे मोठे कष्ट आहेत. इथला डोंगर शिस्ट नावाच्या पापुद्र्यांच्या दगडाचा. माती जवळजवळ नाहीच. लोकांनी दगड फोडून त्याचीच माती केली आणि उरलेल्या दगडांचे बांध रचले, चुना-सिमेंट न वापरता, कोकणातल्या गडग्यांसारखे. वेलीची मुळं दगडाच्या फटींतून खोल पाण्यापर्यंत जातात. 1756 साली, पुढे मार्क्विस द पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने या द्राक्षप्रदेशाची हद्द आखून दिली. अशी सरकारी हद्द मिळालेल्या जगातल्या सर्वांत जुन्या द्राक्षप्रदेशांत दोरू मोडतं. 2001 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. उतारांवर मधूनच बांध शाबूत पण वेल नाही, नुसती झुडपं माजलेली, अशा जागा दिसतील. एकोणिसाव्या शतकात फिलोक्झेरा ही मुळांवरची कीड आली, तेव्हा उजाड झालेल्या त्या बागा. नंतरची लागवड अमेरिकी खुंटांवर कलम बांधून झाली. आपल्या नाशिक-सांगलीचे बागायतदार डॉगरिज खुंटावर कलम करतात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मुक्कामाला मी पिन्याँव सुचवतो. गाव लहान आहे, पण नदी, रेल्वे स्टेशन, होड्यांचा धक्का आणि बागा सगळं चालत गाठता येतं. पोर्तोहून रेल्वेनेच या. सुमारे अडीच तास लागतात. काही गाड्या साँव बेंतू स्थानकातून सुटतात, काही कांपान्यातून, म्हणून वेळापत्रक नीट पाहा. गाड्या मोजक्याच आहेत आणि या साध्या गाड्यांत जागा राखीव नसते. वेळेआधी जाऊन उजवीकडची खिडकी धरा. पहिला तासभर नदी दिसत नाही, मग एकदम रुळांशेजारी येते ती थेट शेवटपर्यंत. पिन्याँव स्टेशनच्या भिंतींवर 1937 च्या निळ्या फरशांची चित्रं आहेत, द्राक्षतोडणीपासून पिंपं वाहणाऱ्या होड्यांपर्यंत. ती पाहायला अर्धा तास ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीने वर कझाल द लॉयवुश या गावी जा आणि नदीचं वळण पाहून बागांमधून पायी खाली उतरा. चढ फार उभा आहे, ज्येष्ठांनी चढायच्या भानगडीत पडू नये. दुपारी एखाद्या किंतामध्ये, म्हणजे बागायतदाराच्या मळ्यावर, थांबा. वेळ आधी ठरवावी लागते. एका दिवसात एकच मळा पुरे. तिसऱ्या ठिकाणी तुम्हाला चवही कळत नाही आणि माहितीही लक्षात राहत नाही. द्राक्षं तुडवायच्या ग्रॅनाइटच्या हौदांना तिथे लागार म्हणतात, ते दाखवायला सांगा. रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षांचीच दारू घालून आंबणं थांबवतात, म्हणून पोर्ट वाईन गोड राहते आणि तिच्यात मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास असतो. साध्या वाईनच्या हिशेबाने पिऊ नका. आणि गाडी भाड्याने घेतली असेल तर चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये. रस्ते अरुंद आहेत, वळणं आंधळी आहेत. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. मळ्यावरचं ऑलिव्ह तेल आणि बदाम तितकेच नावाजण्याजोगे आहेत.

तिसरा दिवस मी पुढच्या रेल्वेसाठी ठेवीन. पिन्याँव ते पोसिन्यु हा तासाभराचा टप्पा मला सगळ्यांत प्रिय आहे. वाटेतल्या तुआ स्टेशनच्या पुढे नदीकाठाने मोटाररस्ताच नाही. वाटेत व्हालेइराची घळ लागते. आज तिथे धरण आहे. पूर्वी तिथला प्रवाह होड्या गिळायचा. दोरूचा नकाशा काढणारा इंग्रज व्यापारी फॉरेस्टर 1861 साली इथेच बुडाला. त्याच होडीत खोऱ्यातली नामवंत बागायतदारीण दोना आंतोनिया फेरेइरा होती. ती वाचली. घेरदार झग्यामुळे ती तरंगली आणि सोन्याच्या नाण्यांनी भरलेल्या पट्ट्यामुळे तो बुडाला, असं लोक सांगतात. घळीनंतर गाडी पूल ओलांडते आणि नदी डावीकडे जाते. परतीची शेवटची गाडी कधी आहे, हे उतरतानाच विचारून घ्या.

ऋतूचं म्हणाल तर जुलै-ऑगस्ट टाळा, पारा चाळीसला टेकतो. तोडणी सप्टेंबरात रंगात येते. आपल्याकडे ती जानेवारी ते मार्च असते, म्हणून नाशिकवरून अंदाज बांधू नका. मला विचाराल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध: वेलींची पानं तांबूस होतात आणि खोल्याही सहज मिळतात.

शाकाहारींनी ‘सैं कार्न, सैं पैश’, म्हणजे मांस नको, मासे नको, हे दोन्ही सांगावं. काल्दु व्हेर्द हे पालेभाजी-बटाट्याचं सूप निरुपद्रवी वाटतं, पण त्यात बहुधा सॉसेजची चकती असते. गोव्यातल्या श्रोत्यांना ते ठाऊक असेलच. टेबलावर न मागता ठेवलेल्या पाव-ऑलिव्हचे, खाल्ले तर पैसे पडतात.

पोर्तोसमोरच्या गाया गावातली पोर्टची तळघरं मात्र खोऱ्यातून परतल्यावर बघा. पिंपंही याच वाटेने, नदीतून, गायाच्या थंड हवेत मुरायला यायची. आता निघण्याआधीच्या तयारीचं: शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तोडणीच्या दिवसांत जायचं असेल, तर पिन्याँवमधली खोली आधी पक्की करा आणि विमानाचं तिकीट मग काढा.