डॉक्टरला खरे सांगा
(श्रीगोंदा येथील बैठकीतील भाषण)



आज मालाच्या भावाविषयी बोलणार नाही. दावणीविषयी बोलणार आहे.

मी शेतकीची पदवी घेऊन गावी आलो त्या वर्षीची गोष्ट. पावसाने ओढ दिली होती. आमचा एक बैल कासरा तोडून शेजाऱ्याच्या करपलेल्या कोवळ्या ज्वारीत शिरला. थोड्याच वेळात धापा टाकत आडवा पडला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "काय खाल्लं?" शेजाऱ्याशी तंटा नको म्हणून घरच्यांनी सांगितले, "घरचाच कडबा." मी पदवीधर तिथेच उभा, पण गप्प राहिलो. खरे सांगितले तेव्हा उशीर झाला होता. औषध शिरेत जाण्याआधी बैल गेला.

जनावर बोलत नाही. म्हणून डॉक्टर ताप मोजतात. गाईबैलाचा तो साधारण 101 ते 102 अंश फॅरनहाइट असतो. शेपटीच्या मुळाशी नाडी पाहतात. डाव्या कुशीवर मूठ दाबून पोट हलते का ते बघतात. धड जनावराचे दोन मिनिटांत दोन-तीनदा हलते. पापणी उलटून रंग पाहतात. एवढे करूनही अर्धे निदान मालकाच्या तोंडी असते.

आपल्या शिवारात तीन विषबाधा होतात. तिन्हींत जनावर तडफडते, पण उपचार वेगळे.

पहिली किराळ. कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या किंवा कापणीनंतर फुटलेल्या ज्वारीत सायनाइड तयार होते. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. म्हणून पापणी लालभडक दिसते. त्यावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात.

दुसरी नायट्रेटची. भरपूर युरिया टाकलेला चारा दुष्काळात वाढ खुंटून उभा राहिला की त्यात नायट्रेट साठते. रक्त चॉकलेटी होते. त्यावर मिथिलीन ब्लू लागते. इथे किराळीचे सोडियम नायट्राइट दिले तर जनावर दगावते, कारण ते रक्त आणखी बिघडवते.

तिसरी कपाशीवरच्या फवाऱ्याची. पुष्कळ कीटकनाशके ऑरगॅनोफॉस्फरस गटातली असतात. लाळ गळते, पातळ हगवण लागते, अंग थरथरते, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते. त्यावर ॲट्रोपिन.

आता सांगा, एका विषावरचे औषध दुसऱ्या विषात मारक ठरत असेल, तर "काही खाल्लं नाही" हे उत्तर केवढ्याला पडते?

तेव्हा एवढे करा. जनावर त्या चाऱ्यापासून दूर न्या. डॉक्टरांना बोलवा, 1962 हा फुकट नंबर पाठ असू द्या. खाल्लेल्या चाऱ्याची मूठ आणि फवाऱ्याचा डबा दाखवायला ठेवा. किती वेळ झाला ते सांगा. धापा टाकणाऱ्या जनावराला तेल, ताक, काहीही पाजू नका. ते फुप्फुसात उतरते.

त्याहून बरे म्हणजे वेळ येऊ न देणे. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी घालू नका. नीट वाळवली की सायनाइड कमी होते; नायट्रेट मात्र वाळवूनही जात नाही. फवारलेल्या कपाशीत जनावर सोडू नका, आणि फवाऱ्याची बादली पाण्याला वापरू नका.

एक काम बैठकीकडे. प्रत्येक गावाने आपल्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन विचारावे, या तिन्ही विषबाधांवरची औषधे आज कपाटात आहेत का? नसतील तर लेखी मागावीत. बैल पडल्यावर तालुक्याला माणूस धाडून उपयोग नसतो.

आणि शेजाऱ्याच्या रानात जनावर शिरलेच, तर तंटा उद्या मिटवता येईल. मेलेला बैल उठवता येत नाही. त्या दिवशी मी गप्प राहिलो, म्हणून आज बोललो.