खालाची फाइल आणि टेबलाभोवतीचे डॉक्टर
(युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. तरी आज अंडाशयाच्या कॅन्सरवर बोलायला उभा आहे, कारण गेलं दीड वर्ष माझ्या खालाची फाइल काखेत घेऊन मी इतके दवाखाने फिरलोय की अम्मी म्हणते, तू आता निदान कंपाउंडर तरी झालास. विषयाचं नाव ऐकून मागच्या रांगेतले काही भाऊ खाली बघतायत. बघू नका. आपल्या घरांत दुखणं बाईचं असतं, पण फाइल घेऊन फिरणारे बहुतेक वेळा आपण असतो.

खाला मिरजेच्या पुढे एका गावात राहते. वय ५६. पोट फुगल्यासारखं वाटायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं, लघवीला सारखं जावं लागायचं. घरात सगळ्यांचं निदान तयार होतं: गॅस. चार-पाच महिने ओवा आणि ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या. अंडाशयाचा कॅन्सर असाच येतो, साध्या तक्रारींच्या वेशात. म्हणून बहुतेक बायकांचा आजार कळतो तेव्हा तो तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात असतो.

शेवटी सोनोग्राफी झाली. जवळच्या शहरातले डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, परवा काढून टाकू. आम्हाला बरं वाटलं. परवाच! पोट उघडलं तर आजार आतड्यांवर आणि पोटातल्या पडद्यांवर पसरलेला. त्यांनी तपासणीसाठी तुकडा घेतला आणि पोट शिवून टाकलं. त्या डॉक्टरांना मी नावं ठेवत नाही, रात्री अकराला फोन केला तरी उचलायचे. पण ते एकटे होते. आधी सीटी स्कॅन करून तो कुणा जाणत्या रेडिओलॉजिस्टने पाहिला असता, तर ते पोट त्या दिवशी उघडलंच नसतं. जखम भरेपर्यंतचे आठवडे गेले ते गेलेच.

मग मुंबई. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात पहिल्याच दिवशी विचारलं, ‘स्लाइड आणि ब्लॉक आणलेत?’ आमच्याकडे होता एक कागदी रिपोर्ट. ब्लॉक म्हणजे काढलेला तुकडा मेणात बसवून केलेला छोटा ठोकळा. तो आपल्याला मागता येतो हेच माहीत नव्हतं. रात्रीच्या एसटीने परत गेलो, लॅबमधून ब्लॉक घेतले आणि मिठाईच्या डब्यात कापूस घालून आणले. कंडक्टरने विचारलं, पेढे का? काय सांगणार.

हा खटाटोप कशासाठी? पोटाचा क्षयरोग बऱ्याचदा हुबेहूब असाच दिसतो. पोटात पाणी, गाठ, रक्तात सीए-१२५ वाढलेलं. आपल्या देशात टीबी काही थोडा नाही. टीबीच्या बाईला किमो दिली किंवा कॅन्सरच्या बाईला टीबीच्या गोळ्या दिल्या तर काय होईल, विचार करा. म्हणून तिथले पॅथॉलॉजिस्ट बाहेरच्या रिपोर्टवर विसंबून न राहता स्लाइड स्वतः पाहतात.

त्यानंतर खालाची केस ‘ट्युमर बोर्ड’मध्ये गेली. हे नाव मी पहिल्यांदा तिथे ऐकलं. स्त्रियांच्या कॅन्सरचे सर्जन, किमो देणारे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, गरज पडली तर आतड्यांचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ असे सगळे एका टेबलाभोवती बसतात. स्कॅन पडद्यावर लावतात, स्लाइड दाखवतात आणि वाद घालतात. आमच्या ऑफिसात चार ओळींचा कोड लिहिला तरी दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. खालाच्या पोटावर सुरी चालवताना मात्र आम्ही कुणालाच दुसरं मत विचारलं नव्हतं.

वाद कशावर? आधी ऑपरेशन की आधी किमो? या आजारात ऑपरेशनचं यश एका गोष्टीवर मोजतात: डोळ्यांना दिसणारा आजार पूर्ण निघाला का? थोडा मागे राहिला तर मोठ्या ऑपरेशनचा फायदा बराच कमी होतो. सगळा निघेल की नाही, ते सर्जन एकटा सांगू शकत नाही, त्याला स्कॅन वाचणारा लागतो. बाई इतकं मोठं ऑपरेशन सोसेल का, ते भूलतज्ज्ञ सांगणार. युरोप आणि कॅनडातल्या सहाशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल २०१० मध्ये आला. आजार खूप पसरलेला असताना आधी किमो दिली तरी आयुष्य तितकंच मिळालं आणि ऑपरेशननंतरचे त्रास कमी झाले. ब्रिटनमधल्या अभ्यासातून २०१५ मध्ये साधारण तेच दिसलं. तरी डॉक्टरांमधला वाद संपलेला नाही, आणि म्हणूनच हे टेबल लागतं.

खालासाठी ठरलं ते असं: कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर तीन आठवड्यांनी, तीन वेळा. मग ऑपरेशन. मग पुन्हा तीन वेळा. घरी गोंधळ उडाला. मामू म्हणाले, गाठ पोटात ठेवून औषध कसलं देतात? त्यांना समजावण्यात माझे दोन रविवार गेले.

आता एक लाजिरवाणी गोष्ट. तोवर खालाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. खालू, मामू आणि मी, तिघे पुरुष केबिनमध्ये जायचो आणि ती बाहेर बाकावर बसायची. सर्जनबाईंनी आम्हाला थांबवलं. म्हणाल्या, ज्यांचं पोट आहे त्यांना आत बोलवा. मी घाबरत खालाला सांगायला लागलो, तर ती म्हणाली, “अरे, बाहेर पाटीवर कर्करोग लिहिलंय. सातवीपर्यंत मराठी शाळेतच होते मी.” मग तिने डॉक्टरांना विचारलं, रमजानचे रोजे किमोमध्ये येतील का, आणि केस जातील तेव्हा लेकीच्या मंगनीचं काय करू? हे प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही यादीत नव्हते. किमोच्या डॉक्टरांनी रोजे ठेवू नका म्हणून स्पष्ट सांगितलं, आणि डोसच्या तारखा मंगनी पाहून थोड्या सरकवल्या.

मुंबईला सगळ्यांनी धावलंच पाहिजे असं नाही. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, तिथली गर्दी तुम्हाला माहीत आहे. २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झाली. आज देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रं तिच्यात जोडलेली आहेत आणि अवघड केसवर त्यांचे डॉक्टर ऑनलाइन बसून चर्चा करतात. कॅन्सरचे बरेच उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा, आमचे चार दिवस ‘शेख’च्या स्पेलिंगने खाल्ले. आणि कुणी ‘परवा गाठ काढू’ म्हटलं, तर नम्रपणे विचारा: ही केस बोर्डात गेली आहे का? ऑपरेशन करणारे डॉक्टर स्त्रियांच्या कॅन्सरचेच आहेत का?

टेबलावरच्या शेवटच्या माणसाबद्दल सांगायचं राहिलं. जनुकांचा सल्ला देणारा. खालाच्या रक्तात बीआरसीए-१ जनुकातला दोष सापडला. म्हणून किमोनंतर तिला पार्प इन्हिबिटर गटातली गोळी सुरू झाली. सध्या तब्येत ठीक आहे, पोळ्या लाटते, सगळ्यांवर ओरडते. पण हा दोष असलेल्या बाईला आयुष्यात कधीतरी अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका साधारण ४० टक्के असतो, इतर बायकांत तो एक टक्क्याच्या आसपास. आणि हा दोष प्रत्येक मुलात, मुलगा असो की मुलगी, निम्म्या शक्यतेने उतरतो. बापाकडूनही येतो. म्हणजे डॉक्टरांनी घराण्याचा आजार विचारला तर फुफीचाही सांगायचा.

ज्या लेकीची मंगनी झाली, तिची तपासणी करायची की नाही यावर घरात आठवडाभर भांडण झालं. सासरी कळलं तर? ती कुणाचं ऐकत बसली नाही. होणाऱ्या नवऱ्याला स्वतः फोन केला आणि त्यालाच सोबत घेऊन सल्ल्याला गेली. रिपोर्ट यायचा आहे.

खालाची सख्खी बहीण म्हणजे माझी अम्मी. तिनेही गेल्या आठवड्यात रक्त दिलं. तिच्यात दोष निघाला नाही तर तिच्या बाजूने माझा प्रश्न मिटला. निघाला तर पुढचा नंबर माझा, आणि मला चार वर्षांची मुलगी आहे.

आता तुम्ही विचारा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.