प्लूटोच्या आधी सेरेस

ग्रहांवर बोलायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो: "प्लूटोला का काढलं हो?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा रागही असतो. लहानपणी नऊ ग्रह पाठ केले, आणि २००६ साली ते आठ झाले! पण असं पहिल्यांदाच घडलं नव्हतं. प्लूटोच्या आधी हीच वेळ सेरेसवर आली होती. आज तिची गोष्ट.

मंगळ आणि गुरू यांच्या मधलं अंतर बघा. सूर्य ते पृथ्वी हे अंतर १० धरलं, तर मंगळ साधारण १५ वर आणि गुरू एकदम ५२ वर. मध्ये एवढी मोकळी जागा कशी? तिथे २८ च्या आसपास एखादा ग्रह असावा, असा अठराव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज होता.

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मो वेधशाळेत जुझेप्पे पियाझी ताऱ्यांची यादी करत होते. त्यांना एक अंधूक ठिपका दिसला. पुढच्या रात्री तो किंचित सरकलेला! तारे काही असे सरकत नाहीत. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी वेध घेतले, मग ते आजारी पडले. तोवर सेरेस आकाशात सूर्याजवळ गेली, म्हणजे दिसेनाशीच झाली.

आता शोधायची कुठे? जेमतेम ४१ दिवसांच्या नोंदी हातात. इथे २४ वर्षांचे कार्ल गाऊस मदतीला आले. त्यांनी नव्या गणिती रीतीने कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता सेरेस त्यांनी सांगितलेल्या जागेजवळ पुन्हा सापडली. अंतर? २८ च्या अगदी जवळ! झालं, नवा ग्रह मिळाला.

पण १८०२ मध्ये त्याच पट्ट्यात पॅलास सापडला, १८०४ मध्ये जूनो, १८०७ मध्ये व्हेस्टा. कित्येक वर्षं पुस्तकांत हे चारही ग्रहच होते. १८४५ पासून मात्र रांगच लागली. १८६० पर्यंत संख्या साठाच्या वर गेली. मग काय, या साऱ्यांना ग्रह म्हणायचं? त्यांचा वेगळा गट झाला: लघुग्रह.

प्लूटोचंही असंच. १९३० मध्ये सापडला तेव्हा एकटा वाटला. १९९२ पासून त्याच भागात त्याचे सोबती सापडू लागले. २००६ च्या व्याख्येनुसार ग्रह सूर्याभोवती फिरणारा हवा, गोल हवा आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला हवा. तिसऱ्या अटीवर प्लूटो अडला. सेरेसही अडली, पण ती गोल असल्यामुळे लघुग्रहांतून वर चढून बटुग्रह झाली! म्हणजे त्याच निर्णयाने एकाची पायरी उतरली, दुसरीची चढली.

सेरेस मात्र होती तशीच आहे. सुमारे ९४० किलोमीटर व्यासाची, ४.६ वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारणारी. २०१५ मध्ये डॉन यान तिथे पोचलं, तेव्हा एका विवरात चमकदार पांढरे क्षारांचे डाग दिसले. बदललं ते आपलं तिच्याविषयीचं ज्ञान. यादी पाठ करण्यापेक्षा ती का बदलली हे मुलांना सांगा, ते जास्त लक्षात राहतं.

सेरेस पृथ्वीजवळ असते तेव्हा चांगल्या द्विनेत्रीतून दिसते. नकाशावरून जागा शोधा, आजूबाजूचे तारे कागदावर काढा आणि दोन-तीन रात्रींनी परत बघा. जो ठिपका सरकला, ती सेरेस. पियाझींनी तरी वेगळं काय केलं होतं?