नव्या नृत्याचा प्रेक्षक आणि आपला मांड

(ग्रामीण सांस्कृतिक मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



समकालीन नृत्यासाठी प्रेक्षक कसा घडवावा, हा विषय मला देण्यात आला आहे. प्रसिद्धीचे काम करणारा माणूस अशा वेळी जाहिरातीची साधने सांगेल, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. ती मी सांगणारच आहे. परंतु त्याआधी एका समजुतीचा विचार करणे अगत्याचे आहे. नव्या धाटणीच्या नृत्याच्या प्रयोगाला खुर्च्या रिकाम्या राहिल्या की संयोजक म्हणतात, "आपल्या लोकांना हे कळत नाही." हे खरे असते, तर आजच्या विषयावर बोलण्यासारखे काही उरले नसते. ते खरे नाही, आणि त्याची साक्ष आपल्या गोमंतकातच गावोगाव मिळते.

पौषातल्या चांदण्या रात्री मांडावर धालो सुरू होतात. स्त्रियांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एकमेकींत हात गुंफून गात गात पुढे येतात, वाकतात, मागे सरतात. हे अनेक रात्री चालते आणि आसपासच्या घरांतील बायाबापड्या ते जागून पाहतात. शिमग्यात गोफाची रंगीत वेणी नाचता नाचता विणली जाते आणि नाचता नाचताच उकलली जाते; एक पाऊल चुकले तर गाठ कोठे पडली, हे कडेला उभ्या असलेल्या पोरालाही समजते. सत्तरी-डिचोलीत घोडेमोडणी आहे, चांदर गावी कार्निव्हलच्या दिवसांत ख्रिस्ती बांधव मुसळ-खेळ खेळतात, सासष्टीला मांडो आहे, आणि शिवोलीच्या जागरात हिंदू व ख्रिस्ती दोघेही भाग घेतात. देहाच्या हालचालींतून अर्थ वाचण्याची सवय ज्या प्रदेशाला इतक्या परींनी आहे, तेथील माणसाला नृत्य कळत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

मग मांडावर गर्दी आणि सभागृहात रिकाम्या खुर्च्या, असे का होते? मांडावर येणाऱ्यास तेथे आपण कोण, हे ठाऊक असते. नाच कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, कोणासाठी आणि कशासाठी आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. सभागृहातील नव्या नृत्याच्या बाबतीत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसते. प्रेक्षक घडविणे म्हणजे हे नाते नव्याने जोडणे होय.

समकालीन नृत्य ही पाश्चात्त्यांची उसनी वस्तू आहे, असाही एक समज आहे. आपल्या देशातील त्याची वाट पाहिली तर तो टिकत नाही. उदयशंकर यांनी १९२३ साली लंडनमध्ये ॲना पाव्हलोव्हा यांच्यासमवेत नृत्य केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु पुढे त्यांनी अल्मोडा येथे जे केंद्र उभारले, तेथे कथकळीचे शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमचे कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीचे अमोबी सिंग आणि संगीतासाठी अल्लाउद्दीन खाँ अशी गुरुमंडळी एकत्र आली होती. नव्या नृत्याचा पाया अनेक परंपरांच्या सहवासात घातला गेला. चंद्रलेखा यांचा जन्म महाराष्ट्रातील वाडा येथील. त्यांनी १९८५ साली 'अंगिका' सादर केली, तेव्हा भरतनाट्यमच्या जोडीला योग आणि केरळची कळरीपयट्टू ही युद्धकला उभी केली. जुन्या परंपरांनी आपापले स्वत्व राखले होते, म्हणूनच नव्या कलावंताला त्यांच्यापासून काही घेता आले. विविधता ओसरली तर नव्या नृत्याचा झराही आटेल. म्हणून प्रेक्षक घडविणे आणि विविधता राखणे ही दोन कामे मी वेगळी मानीत नाही.

प्रेक्षकाशी नाते कसे जोडले जाते, याची तीन उदाहरणे मला विशेष बोलकी वाटतात.

पहिले शांती बर्धन यांचे. अल्मोड्याच्या केंद्रात काम केलेल्या या कलावंताने १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापन केले. हीच संस्था पुढे आपल्या मराठी मंडळींच्या जुन्या परिचयाच्या ग्वाल्हेर शहरी गेली. त्यांच्या 'रामायणा'तील नर्तक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालचाल करीत. रचना सर्वस्वी नवी. पण कथा घरची आणि बाहुल्यांचा खेळ जत्रेतला. प्रेक्षकाला पाय टेकण्यापुरती ओळखीची जमीन दिली की तो पुढची अनोळखी वाट आपणहून चालतो.

दुसरे उदाहरण भाषेचे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे यांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली. त्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी. तमिळ देशी, मराठी राजाने, तेथील नृत्यपद्धतीसाठी केलेल्या या मराठी रचना पुढे दीर्घकाळ रंगमंचापासून दूर होत्या. आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून त्या नृत्यबद्ध केल्या आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रसिकांपुढे मांडल्या. सुचेताताईंनी पुढे 'नृत्यगंगा' या नावाने हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यमची रचना केली. प्रेक्षकाला त्याची भाषा आणि त्याच्या कानाला सवयीचे सूर मिळाले की दूरची कला जवळची होते. आणि त्यासाठी कलेला आपली शिस्त सोडावी लागत नाही.

तिसरे अस्ताद देबू यांचे. नवसारी येथे १९४७ साली जन्मलेल्या या नर्तकाने बालपणी कथक शिकून पुढे लंडनला समकालीन नृत्याचे आणि मायदेशी कथकळीचे शिक्षण घेतले. २०२० साली त्यांचे निधन झाले. कोलकाता आणि चेन्नई येथील कर्णबधिर तरुण, मणिपूरचे पुंग वाजवीत नाचणारे कलावंत, दिल्लीच्या रस्त्यावर वाढलेली मुले यांना त्यांनी बरोबर घेतले. ज्यांना ताल ऐकू येत नाही, त्यांच्याकडूनही तालबद्ध नृत्य घडते, हे त्यांनी दाखविले. रंगमंचावर कोणाला जागा मिळते, यावर समोर कोण बसणार हे बऱ्याच अंशी ठरते. ज्या समाजाचा एकही माणूस रंगमंचावर दिसत नाही, त्या समाजाने तिकीट काढून यावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे.

आता आपल्या व्यवहाराकडे वळू. समारंभात पाहुण्यांच्या स्वागताला लोकनृत्याचे पथक बोलवावयाचे, त्यास दहा मिनिटे द्यावयाची आणि पाहुणे उशिरा आले तर त्यांतलीही पाच कापावयाची, ही रीत सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. रात्र रात्र चालणारी गोष्ट दहा मिनिटांत बसवावयाची म्हटल्यावर संथ भाग प्रथम गळतात, गीते तोकडी होतात आणि उरतो तो वेग व गिरक्या. स्पर्धांतही हेच घडते. एकसारखे पोशाख, एकसारखी आखणी आणि शेवटी मनोरा यांनाच गुण मिळू लागले, की पेडण्याची फुगडी आणि काणकोणची फुगडी यांत भेद राहणार नाही. पुढच्या पिढीस दहा मिनिटांचा तुकडा हाच मूळ नाच वाटू लागेल. मांडाची जागा बांधकामाखाली गेली आणि गीते मुखोद्गत असलेल्या वृद्ध स्त्रिया एकेक करून निघून गेल्या, तर त्या तुकड्यावरून मूळ नाच कोणालाही पुन्हा उभा करता येणार नाही. हानी होते ती येथे, आणि टाळ्यांच्या गजरात ती ध्यानी येत नाही.

म्हणून मंडळांनी पुढील गोष्टी कराव्यात, असे मी सुचवितो.

जाहिरातीत 'समकालीन नृत्याविष्कार' एवढेच छापू नये. त्या शब्दांनी कोणाच्याही डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. विषय काय, नर्तक किती, प्रयोग किती वेळाचा, मुलांना आणता येईल काय आणि परतीची शेवटची बस मिळेल काय, हे साध्या मराठीत व कोकणीत लिहावे. पणजीस येणाऱ्या वाळपईच्या माणसाचा निर्णय पुष्कळदा या शेवटच्या ओळीवर होतो.

प्रयोगापूर्वी अर्धा तास नर्तकाने चार हालचाली करून दाखवाव्यात व त्या कोठून आल्या ते सांगावे. प्रयोगानंतर प्रेक्षकांस बोलू द्यावे. "मला आवडले नाही" असे म्हणणाऱ्याचेही स्वागत करावे. तो पुन्हा येण्याचा संभव गप्प निघून जाणाऱ्यापेक्षा अधिक असतो.

तारीख ठरविताना भातलावणी, चतुर्थी, ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ आणि गावची जत्रा पाहावी. कला अकादमी व रवींद्र भवने आहेतच. परंतु पहिली ओळख शाळेच्या पटांगणात वा देवळाच्या सभामंडपात, ग्रामस्थांच्या संमतीने, सहज होते. पणजीत २०१६ पासून डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवामुळे देशातील नव्या नृत्याचे प्रयोग आपल्या दाराशी आले आहेत. तेथे गावच्या फुगडी पथकांस पाहुण्यांना ओवाळण्यासाठी नव्हे, तर प्रेक्षक म्हणून न्यावे. फेर धरणारी बाई दुसऱ्याचा फेर जितक्या बारकाईने पाहील, तितक्या बारकाईने पाहणारा समीक्षक शहरातही सहजी मिळणार नाही.

लोकनृत्यास वेळ देता येत नसेल तर पथकांची संख्या कमी करावी, पण आलेल्यांना पुरता वेळ द्यावा. परीक्षकांत त्या त्या नृत्यातील जाणती स्त्री वा पुरुष असावा. मानधन त्याच दिवशी हाती पडावे. आणि कोणताही नवा कलावंत गावचा नाच शिकावयास आला, तर शिकविणाऱ्यांचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापले जाईल व मोबदला मिळेल, हे मंडळाने आधीच ठरवून घ्यावे.

शेवटची सूचना हिशेबाविषयी. अहवालात आपण उपस्थिती लिहितो. त्याखाली आणखी एक ओळ असावी : मागील प्रयोगास आलेल्यांपैकी या खेपेस किती आले? बसगाड्या भरून आणलेली गर्दी एका दिवसाची असते. आपल्या पायांनी दुसऱ्यांदा आलेली चाळीस माणसे म्हणजे प्रेक्षक. हे काम एका वर्षाचे नाही. प्रत्येक मंडळाने वर्षभरात दोन नवे प्रयोग आणि गावचा एक नाच, तिन्हींना सारखाच मान व पुरता वेळ देऊन केले, तरी आरंभ चांगला झाला असे मी म्हणेन. आपण मंडळी तो कराल, या विश्वासाने मी येथेच थांबतो.