थंडीचे दिवस आणि शाळेचा गणवेष

नाशिक जिल्ह्यांतील निफाड तालुका जसा द्राक्षांसाठीं प्रसिद्ध आहे, तसाच थंडीसाठींहि. डिसेंबर २०१८ मध्यें तेथील पारा पांच अंश सेल्सिअसच्याहि खालीं उतरला होता. अशा दिवसांत द्राक्षांचे बागाईतदार पहांटे उठून बागेंत शेकोट्या पेटवितात व वेलींना विहिरीचें पाणी सोडतात; कारण भरत आलेल्या घडाला थंडी बाधली, कीं मण्यांना तडे जातात आणि वर्षाची मेहनत फुकट जाते. त्याच पहांटे, त्याच बागांच्या कडेनें, मुलें शाळेला निघालेलीं असतात.

त्यांतला एखादा मुलगा चुलतभावाचा जुना स्वेटर घालून येतो. बाह्या दुमडलेल्या, रंग तांबडा. शाळेचा रंग गडद निळा. फाटकाशीं उभ्या असलेल्या गुरुजींच्या नजरेंतून तांबडा रंग सुटत नाहीं. "काढ तो, दप्तरांत ठेव," एवढेंच ते म्हणतात. मुलगा स्वेटर काढतो आणि पातळ सदऱ्यानिशीं, दोन्ही हात काखेंत घालून, प्रार्थनेच्या रांगेंत उभा राहतो. गुरुजींच्या स्वतःच्या अंगावर मात्र शाल असते, गळ्याला मफलर असतो. आणि त्यांच्या शालीच्या रंगाविषयीं शाळेचा कांहीं नियम नसतो. ही कोण्या एका शाळेची कथा नव्हे. पुष्कळ ठिकाणीं थोड्याफार फरकानें असेंच घडतें, आणि घडविणारे शिक्षक स्वभावानें निष्ठुर असतात असेंहि नाहीं. नियम त्यांच्या हातीं आलेला असतो. तो त्यांनीं केलेला नसतो.

गणवेषाची बाजूहि ऐकली पाहिजे. सावकाराचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच कापडांत एका रांगेंत बसावेत, कोणाचें दारिद्र्य कोणाला दिसूं नये, हा त्यामागील हेतु उत्तम आहे. रस्त्यावर मूल चुकलें तर कोणत्या शाळेचें तें चटकन् समजतें, हाहि एक लाभ. मुख्याध्यापकांस भय वाटतें तें असें, कीं आज तांबडा स्वेटर चालवून घेतला तर उद्यां झगमगीत जाकिटें येतील आणि पुन्हां श्रीमंतीचें प्रदर्शन मांडलें जाईल. हें भय अगदींच खोटें नाहीं. पण ज्या नियमानें दारिद्र्य झांकावयाचें, तोच नियम ज्याच्याजवळ निळा स्वेटर घेण्यास पैसे नाहींत त्याला उघड्या अंगानें उभा करून सर्व शाळेला दाखवितो! येथें नियम स्वतःच्याच उद्देशाविरुद्ध उभा ठाकला, असें म्हणावें लागतें.

थंडी मुलांस मोठ्यांपेक्षां अधिक बाधते, याला शरीराचें कारण आहे. लहान शरीराचें वजन थोडें, पण वजनाच्या मानानें त्वचेचा पृष्ठभाग मोठा. त्यामुळें अंगांतील उष्णता लवकर बाहेर जाते. त्यांत अर्धी चड्डी किंवा आंखूड झगा असल्यास पाय उघडेच राहतात. वर्गांत शहाबादी फरशी, आणि फरशीवर सुतळीची झिजलेली बस्करपट्टी. रात्रभर गारठलेला दगड सकाळीं दहा वाजेपर्यंत ऊब धरीत नाहीं. मूल त्यावर बसलें, कीं अंगांतील ऊब तो शोषून घेत राहतो. पहिल्या तासाला शुद्धलेखन असावें आणि बोटें वळूं नयेत, पेन्सिल धरतां येऊं नये, मग अक्षर वाकडें आलें म्हणून गुरुजींनीं रागवावें! अशा मुलाचें लक्ष धड्यावर नसतें. तें आपल्या गुडघ्यांवर असतें.

दम्याच्या मुलांस गार हवेनें धाप लागते. याहून गंभीर गोष्ट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराची. नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत हा विकार बराच आढळतो. थंडीनें रक्तवाहिन्या आकसतात, विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी त्यांत अडकतात आणि हाडांत असह्य वेदना उठतात. कित्येकदां रुग्णालयांत न्यावें लागतें. आश्रमशाळेंत राहणाऱ्या अशा मुलाला पहांटे गार पाण्याची आंघोळ घालून एका सदऱ्यावर कवायतीला उभें करणें म्हणजे दुखणें ओढवून आणणें होय. त्याला गरम पाणी, पायमोजे व अंगभर उबदार कपडा मिळालाच पाहिजे. गणवेषाचा विचार मागाहून.

आतां खर्चाची गोष्ट. महाराष्ट्रांत सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांस गणवेषाचे दोन संच मोफत देण्याची योजना आहे. पण संच म्हणजे सामान्यतः सदरा आणि चड्डी किंवा झगा. स्वेटर ज्याचा त्यानें पाहावा. उत्तर प्रदेशांत थंडी अधिक कडक. तेथील सरकारनें २०२१ मध्यें पालकांच्या खात्यांत थेट रक्कम भरण्याचें ठरविलें, तींत दोन गणवेषांसाठीं ६०० रुपये आणि स्वेटरसाठीं २०० रुपये धरले. दोनशें रुपयांत लोकरीचा स्वेटर येत नाहीं, हें बाजारांत जाणाऱ्या कोणत्याहि आईला ठाऊक आहे; तरी स्वेटर हाहि शाळेच्या कपड्यांपैकींच एक, एवढें तेथें मान्य झालें.

कित्येक खासगी शाळांत अडचण निराळी असते. ठराविक दुकानांतील ठराविक स्वेटरच घेतला पाहिजे, मग तो कितीहि पातळ असो. जानेवारी २०२३ मध्यें राजकोट येथें आठवींतील एक मुलगी सकाळच्या वर्गांत कोसळली आणि मरण पावली. शाळेच्या स्वेटरच्या सक्तीमुळें तिला पुरेसें उबदार कांहीं घालतां आलें नाहीं, अशी घरच्यांची तक्रार होती. तिच्या मृत्यूचें कारण थंडीच होतें, असें येथें म्हणावयाचें नाहीं. तो वैद्यांचा प्रांत. परंतु त्यानंतर तेथील शिक्षणखात्यास शाळांना बजावावें लागलें, कीं विशिष्ट स्वेटरची सक्ती करूं नये, मुलांस कोणताहि उबदार कपडा घालूं द्यावा. ही आज्ञा आधींच निघाली असती तर कोणाचें काय बिघडलें असतें?

इंग्लंडांत गणवेषाचा बडिवार आपल्याकडील शाळांहून तिळभरहि कमी नाहीं. तेथें २०२०-२१ च्या हिवाळ्यांत कोरोनाच्या सांथीमुळें वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवणें भाग पडलें. तेव्हां तेथील सरकारनेंच शाळांना सुचविलें, कीं गणवेषावर जादा उबदार कपडे घालण्याची मोकळीक द्यावी. शिस्त त्यामुळें बुडाली नाहीं.

नियम न मोडतांहि बरेंच साधतें. खरी ऊब कपड्यांच्या थरांमध्यें अडकलेल्या स्थिर हवेनें राहते. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षां सदऱ्याच्या आंत एक अंगाबरोबर बसणारी बंडी आणि वर साधा स्वेटर, असे दोन थर अधिक उपयोगी. आणि बंडी कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. घामानें वा दंवानें ओला झालेला कपडा मात्र ऊब देत नाहीं, उलट ती घालवितो. धांवत आलेल्या मुलाची ओली बंडी बदलावी. मुलींना झग्याखालीं विजार घालूं द्यावी. कानटोपी वर्गांत नको असेल तर प्रार्थनेपर्यंत तरी असूं द्यावी. वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावून समोरच्या उघड्या ठेवाव्या. सर्वच बंद केल्यास हवा कोंदते आणि मुलें पेंगूं लागतात. बस्करपट्टीखालीं रिकामें पोतें दुहेरी घातलें तरी फरशीचा गारठा निम्मा तुटतो. पाढ्यांचा व कवितांचा तास पटांगणांत कोवळ्या उन्हांत घेण्यास तर कोणाची परवानगीहि लागत नाहीं.

वेळेविषयीं महाराष्ट्र सरकारनें ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं आदेश काढला, कीं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत. त्याचें मुख्य कारण मुलांची झोप हें होतें, तरी थंडीचाहि प्रश्न त्यानें कांहीं अंशीं हलका केला. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांत सकाळचें सत्र कोणाच्या तरी वांट्यास येतेंच. तें मोठ्या मुलांच्या वांट्यास आलें, तर त्यांच्या स्वेटरचा रंग पाहणें निदान डिसेंबर-जानेवारींत बंद ठेवावें.

आणि एक कपाट असावें. मार्च महिन्यांत पुष्कळ मुलांचे स्वेटर आंखूड होतात आणि घरोघर पेटींत पडून राहतात. ते मागून घ्यावेत, धुऊन, उन्हांत वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवावेत. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडेल त्या दिवशीं तें कपाट उघडें असावें. आणि कोणी कोणता स्वेटर नेला याची नोंद वर्गशिक्षकाच्या वहींत राहावी, फलकावर लागूं नये.