शेजारच्या टेबलावरचा शेजारी

दिल्लीच्या उत्तरेस जी लांबट टेकडी आहे, तिच्या माथ्यावर हिंदूराव या नावाचे एक मोठे रुग्णालय आहे. मराठी माणूस हे नाव ऐकून क्षणभर थबकतो, आणि त्यात नवल नाही. हे हिंदूराव कागलकर घाटग्यांच्या कुळातले. सर्जेराव घाटग्यांचे पुत्र आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. कंपनी सरकारचा दिल्लीतील अधिकारी विल्यम फ्रेझर याचा १८३५ साली खून झाल्यावर टेकडीवरचा त्याचा बंगला हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात याच बंगल्यावर तोफांचे गोळे येऊन आदळत होते. पुढे तेथे रुग्णालय झाले. आज ते दिल्ली महानगरपालिकेचे आहे. रिक्षावाल्याला ‘हिंदूराव’ एवढेच सांगितले तरी पुरते. हा कागलचा कोण सरदार, हे त्याला ठाऊक नसते, आणि आत बसलेल्या रोग्याला तर त्याची मुळीच पर्वा नसते.

श्रोतेहो, मला आज इतिहास सांगावयाचा नाही. अशा एखाद्या इमारतीत जी माणसे रोज खांद्याला खांदा लावून काम करतात, त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे. एका वॉर्डात रात्रपाळीला डॉक्टर असतो, परिचारिका असते, वॉर्डबॉय असतो, सफाई कामगार असतो. खाली औषधे देणारा असतो, नोंदवहीशी बसलेला कारकून असतो. यांपैकी कोणी कोणाला निवडलेले नसते. नातेवाईक जन्माने मिळतात, मित्र आपण जोडतो. सहकारी मात्र बदलीच्या हुकमाने मिळतात. आणि दिवसाच्या जागत्या वेळातील मोठा भाग आपण घालवतो तो याच माणसांबरोबर.

या संबंधांत उघड भांडण क्वचितच होते. भांडण झाले तर बरे, असे कधी कधी वाटते. त्याचा निकाल तरी लागतो. येथे जे असते ते अवघडलेपण. आपण खोलीत शिरताच चाललेले बोलणे थांबते. चहा मागवताना आपला पेला मोजावयाचा राहून जातो. आपण तयार केलेल्या कागदावर साहेबांपुढे दुसऱ्याचेच नाव घेतले जाते. या गोष्टी तक्रारअर्जात लिहिण्याइतक्या मोठ्या नसतात, पण रात्री अंथरुणावर पडले म्हणजे त्याच आठवतात. भांड्याला भांडे लागायचेच, असे वडीलधारी माणसे सांगतात. ते खरे, पण काही भांडी वर्षानुवर्षे एकाच फळीवर राहतात आणि रोज तोच आवाज करतात.

ख्रिस्ती माणसाने अशा वेळी काय करावे? पवित्र शास्त्रात कचेरीतल्या सहकाऱ्यांविषयी वेगळी आज्ञा नाही, हे उघड आहे. पण शेजारी हा शब्द आहे, आणि त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. हा शेजारी कोण, याचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे रस्त्यावरचा भिकारी येतो, पूरग्रस्त येतो, दूरदेशीचा दुष्काळपीडित येतो. शेजारच्या टेबलावर बसणारा मनुष्य तेवढा येत नाही. दूरच्या दुःखिताला आपण पाच रुपये देऊन मोकळे होतो. या शेजाऱ्याला उद्या सकाळी दहा वाजता पुन्हा तोंड द्यावयाचे असते.

एक गोष्ट आम्हां ख्रिस्ती लोकांविषयी बोलली पाहिजे. कचेरीत आम्ही पुष्कळदा एकटेदुकटे असतो. त्यामुळे कोणी आमच्यावर चिडले की हा आमच्या विश्वासाचा छळ आहे, असे समजण्याचा मोह होतो. कधी तसे असतेही. परंतु प्रेषित पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात एक मार्मिक भेद केला आहे. ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागले तर लाज वाटू देऊ नये, असे तो म्हणतो; पण त्याआधी, कोणत्या कारणाने दुःख भोगण्याची पाळी येऊ नये, त्यांची यादी देतो. तिच्यात खुनी आहे, चोर आहे, आणि त्यांच्याच पंगतीला दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा बसवला आहे. सहकाऱ्याची हजेरी कोणी नेमली नसताना आपण ठेवत असू, तर लोकांच्या रागाला धर्मछळाचे भूषण देता येणार नाही.

आता प्रत्यक्ष उपाय. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने एक क्रम घालून दिला आहे. भावाने अपराध केला तर प्रथम त्याच्याकडे एकट्याने जावे आणि दोघेच असताना त्याला सांगावे. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे. त्यानंतर मंडळीपुढे मांडावे. कचेरीत हाच क्रम आपण नेमका उलटा करतो. प्रथम मंडळीला कळते, म्हणजे चहाच्या टपरीवर. मग एकदोघांना साक्षीला घेतले जाते. आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्याला शेवटी कळते, तेही दुसऱ्याच्या तोंडून. एकट्याने जाऊन बोलणे कठीण असते, कारण तेथे टाळी देणारा कोणी नसतो. शिवाय तो मनुष्य आपली बाजू सांगेल आणि ती खरी निघेल, ही धास्ती असते. पण म्हणूनच ती वाट सांगितली आहे.

याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आणखी एक अवघड वाक्य आहे. वेदीजवळ दान घेऊन उभे असताना आठवण झाली, तर दान तेथेच ठेवून आधी समेट करण्यास जावे. कशाची आठवण झाली तर? आपल्याला भावाविषयी राग आहे याची नव्हे. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे याची. आपले गाऱ्हाणे आपल्याला तोंडपाठ असते. त्याचे गाऱ्हाणे आठवावयाला बसावे लागते.

परंतु सहकाऱ्यांमधला सर्वांत कडवट विषय म्हणजे खुर्ची. बढती कोणाला मिळाली आणि कोणाची हुकली, यावरून वर्षांचा स्नेह एका दिवसात नासतो. या बाबतीत दिल्लीत घडलेली एक खरी गोष्ट सांगण्यासारखी आहे. केंब्रिज मिशनने १८८१ साली या शहरात सेंट स्टीफन्स कॉलेज काढले. ते प्रथम जुन्या शहरात होते, पुढे काश्मिरी दरवाज्याजवळ गेले, आणि १९४१ पासून ते टेकडीच्या पायथ्याशी, हिंदूरावपासून फार दूर नाही, अशा ठिकाणी आहे. सुशीलकुमार रुद्र नावाचे बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक १८८६ पासून तेथे शिकवत होते. १९०४ साली चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज हा केंब्रिजचा तरुण विद्वान तेथे आला. दोन वर्षांनी प्राचार्यपद रिकामे झाले. मिशनच्या कॉलेजचा प्राचार्य इंग्रजच असावयाचा, हे त्या काळी गृहीत होते. रुद्रांची वीस वर्षांची सेवा होती, परंतु ते हिंदी होते. अँड्र्यूज यांचे नाव पुढे येणे स्वाभाविक होते. त्यांनी ते नाकारले. रुद्रच प्राचार्य झाले पाहिजेत असा त्यांनी आग्रह धरला, आणि तसे न झाल्यास आपण राजीनामा देऊ, असे सांगितले. १९०६ मध्ये रुद्र प्राचार्य झाले आणि १९२३ पर्यंत राहिले. अँड्र्यूज १९१४ साली कॉलेज सोडीपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकवीत होते.

लोक या गोष्टीत अँड्र्यूज यांचा त्याग पाहतात, आणि तो होताच. मला मात्र नंतरची वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. खुर्ची सोडणे एका दिवसाचे काम असते. ज्याला ती मिळाली त्याच्या हाताखाली, आपण उपकार केला असे एकदाही न दाखवता, रोज वर्गावर जाणे हे निराळे. आणि रुद्रांच्या बाजूनेही पाहावे. ज्याच्या आग्रहाने आपल्याला पद मिळाले, त्याच्याशी वागताना न मिंधे होणे, न फटकून राहणे, हे सोपे नसते. या दोघांचा स्नेह १९२५ मध्ये रुद्रांच्या मृत्यूपर्यंत टिकला. गांधीजी दिल्लीत आले म्हणजे ज्या घरी उतरत ते हेच रुद्रांचे घर.

सर्वच संबंध असे उजळ होत नाहीत. आपल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात गेल्या. त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही यावर वाद निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, सिस्टर जेराल्डिन यांनीही तीच बाजू धरली. रमाबाईंनी जी पत्रे लिहिली ती वाचताना आजही वाचक सावरून बसतो. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, ती मी कोणाच्या स्वाधीन करणार नाही, असा त्यांचा सूर आहे. त्यांत शिवी नाही, टोमणाही फारसा नाही. पण माघार अजिबात नाही. सिस्टर जेराल्डिनना त्या हट्टी वाटल्या. दोघींचे धर्ममत पुढेही पूर्ण जुळले नाही. तरीही पत्रे थांबली नाहीत. लहानग्या मनोरमेच्या नात्याने रमाबाई त्या इंग्रज सिस्टरला ‘आजीबाई’ म्हणून लिहीत राहिल्या. आणि ती सारी पत्रे जपून कोणी ठेवली? सिस्टर जेराल्डिन यांनीच. ज्यांत स्वतःवर कठोर टीका होती तीही. १९७७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, म्हणून आपल्याला वाचावयास मिळतात.

हिंदूराव रुग्णालयाजवळ अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तो मेरठहून आणवला. अठराव्या शतकात स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले, आणि १८६७ साली ते जोडून तो पुन्हा उभारला. सांधे दिसतात. काही माणसांशी असलेले आपले संबंध असेच असावयाचे. सांधे दिसू नयेत असा हट्ट धरला तर खांब आडवाच पडून राहील.

येथे एक इशारा दिला पाहिजे, कारण क्षमेच्या नावाखाली पुष्कळ अन्याय झाकले जातात. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने दुबळ्याला सोशीकपणाचा उपदेश करावा, हा शुभवर्तमानाचा अर्थ नव्हे. याकोबाच्या पत्रात मजुरांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी किती प्रखर शब्द आहेत, ते पाहावे. ती मजुरीच देवाकडे ओरडते आहे, असे तो म्हणतो. याच हिंदूराव रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांना २०२० मध्ये, महामारीच्या ऐन धामधुमीत, थकलेल्या पगारासाठी संप करावा लागला. त्यांना कोणी प्रीतीचा अध्याय वाचून दाखवला असता तर ती थट्टा झाली असती. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, त्यासाठी समित्या आहेत. तेथे जाणे हा क्षमेचा अभाव नव्हे. मत्तयाने सांगितलेली वाटसुद्धा शेवटी मंडळीपुढे जातेच. एकट्याने भेटण्याची पहिली पायरी भावाभावांसाठी आहे; जेथे भय आहे तेथे एकटीने जा, असे कोणी सांगू नये.

पौलाचे एक वचन मला फार धीर देते, ते त्यातल्या अटीमुळे. रोमकरांस लिहिताना, सर्वांशी शांततेने राहा, एवढेच तो म्हणत नाही. शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितके, अशी मर्यादा घालतो. दुसऱ्या बाजूचा हिशेब आपल्याकडे मागितलेला नाही. त्याच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांचा उल्लेख आहे. त्यांचे पटत नव्हते. का, ते पौल सांगत नाही. दोन हजार वर्षे पंडितांनी तर्क केले, पण कारण हाती लागले नाही. दोघींनी शुभवर्तमानासाठी आपल्याबरोबर श्रम केले, एवढे मात्र त्याने लिहून ठेवले. आपल्या स्मरणात याच्या उलट घडते. श्रम विसरले जातात, कारण राहते.

आणि हा पौल स्वतः काही गरीब गाय नव्हता. बर्णबा हा त्याचा जुना सोबती. यरुशलेमेत कोणी पौलावर विश्वास ठेवीना तेव्हा त्याची बाजू घेणारा. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी मार्काला बरोबर न्यावे की नाही, यावरून दोघांत इतकी तेढ पडली की ते वेगळे झाले. मार्क आधीच्या प्रवासात पंफुल्याहून परत गेला होता. पौलाला असा मनुष्य नको होता. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला, पौल सीलाला घेऊन दुसरीकडे. कोणाचे चुकले, याचा निवाडा प्रेषितांच्या कृत्यांत नाही. दोघांचेही काम मात्र थांबले नाही. एकत्र काम करणे अशक्य झाले तर वेगळ्या वाटेने जाणे हाही एक प्रामाणिक मार्ग असू शकतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला, तो असाच एक निर्णय होता. परदेशी मिशनऱ्यांनी पालक न राहता भाऊ व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. मिशनमधील मित्रांवर प्रेम ठेवूनही ते म्हणणे सोडण्यास ते तयार नव्हते.

पुढे पौल रोममध्ये बंदीत पडला. अखेर जवळ आली होती, बहुतेक सोबती पांगले होते. एक लूक तेवढा जवळ होता. तेव्हा त्याने तीमथ्याला पत्र लिहिले. हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये. पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे. आणि येताना मार्काला बरोबर घेऊन ये, कारण सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.