एका पेनीचं प्रेमपत्र
व्हॅलेंटाइन कार्ड म्हणजे कंपन्यांनी मांडलेला प्रेमाचा बाजार, असं सर्रास म्हटलं जातं. इतिहास काही वेगळं सांगतो. इंग्रजीतलं सर्वांत जुनं ज्ञात व्हॅलेंटाइन पत्र 1477 सालचं; नॉरफोकच्या मार्जरी ब्रूजनं भावी पती जॉन पॅस्टनला लेखनिकाकडून लिहवून धाडलेलं. त्यात जिव्हाळा आहे, आणि वडील हुंडा वाढवायला तयार नाहीत ही रडकथाही! म्हणजे पैसा कार्डांच्या कितीतरी आधीच प्रेमाच्या पंगतीला बसला होता.

खरी उलथापालथ केली ती टपालानं. ब्रिटनमध्ये 1840 पर्यंत टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे. निनावी प्रेम कळवायचं, तर भुर्दंड प्रियेलाच. पेनी पोस्ट आलं, पाठवणाराच एका पेनीचं तिकीट लावू लागला आणि कागदी लेसची, फुलांची कार्डं घरोघरी पोचली. छापील ओळींतली भावना उसनी, हा आक्षेप उरतोच. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार प्रेमओळींची पुस्तकं खपत होती. शब्द न सुचणाऱ्यांची गरज कार्डांनी भागवली, निर्माण केली नाही. शिवाय सगळा मामला गोडीगुलाबीचा नव्हता: नावडत्याला टोमणे मारणारी स्वस्तातली ‘व्हिनेगर’ कार्डंही त्याच टपालानं निनावी जात.